अर्धे मालक

“आधीच सांगतो, मी या घराचा अर्धाच मालक आहे.”

हे त्यांचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. जर्मनीच्या पूर्वेकडच्या येना गावाच्या स्टेशनवरून दोन बॅगा चढावर ओढत मी त्यांच्या दारात पोचले होते, धापा टाकत होते, आणि समोर टाय लावलेले, खांद्यात किंचित वाकलेले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ मला मालकीहक्क समजावून देत होते. मला वाटलं, इंग्रजी कच्चं असेल, दुसरंच काहीतरी म्हणायचं असेल. पण त्यांनी भाडेकरार पुढे केला. घरमालकाच्या रकान्यात खरंच दोन नावं होती. एक त्यांचं. दुसरं एका बाईंचं, खाली बॉनचा पत्ता.

“मग यांची सही?” मी विचारलं.

“त्यांची संमती गृहीत आहे. पण नाव गाळता येत नाही. मालकीच्या बाबतीत खोटं लिहायचं नाही.”

त्यांचं इंग्रजी कच्चं नव्हतं हे मला अर्ध्या तासात कळलं. ते चारशे वर्षं जुनं होतं. वरच्या मजल्यावरची खोली दाखवताना ते म्हणाले ते मराठीत आणायचं तर असं काहीतरी होईल: “सदरहू खोली, तिच्या तमाम खिडक्या, दारे व उजेड-वाऱ्याच्या वहिवाटीसह, आजपासून आपल्या ताब्यात.” मग चहा आला. “सदरहू चहात साखर?” मी हसू दाबत मान हलवली. मला वाटलं, गंमत करताहेत. ते अजिबात गंमत करत नव्हते. त्यांना दुसरं इंग्रजी येतच नव्हतं.

याचं कारण होतं त्यांच्या आईची पत्र्याची पेटी.

त्यांची आई लग्नाआधी इंग्लंडात एका खेड्यातल्या जमीनदाराच्या हवेलीत कामाला होती. तिकडे कायदा बदलला, शेकडो वर्षांचे जुने दस्त बिनकामाचे झाले, आणि लोकांनी ते पेट्या भरभरून टाकून दिले. हवेलीच्या आचारीणबाईंनी त्यातली एक पेटी या जर्मन पोरीला दिली. दस्त कातड्याचे होते, मजबूत, आणि मुरंब्याच्या बरणीच्या तोंडावर ओलं करून ताणून बांधायला कातड्यासारखी चीज नाही. लढाई सुरू व्हायच्या आत ती पेटी घेऊन परत आली, लग्न झालं, मुलं झाली, आणि पुढची कितीतरी वर्षं दर शरदात प्लमचा काळा घट्ट मुरंबा करून ती त्यावर इंग्लंडातल्या सरदार-जमीनदारांच्या सह्यांची झाकणं बांधत राहिली.

मुलाच्या हाती पेटी लागली तेव्हा तो पंधरा-सोळा वर्षांचा होता. तोवर बऱ्याच दस्तांना बशीएवढी गोल भोकं पडली होती. उरलेले त्याने आईच्या हातून सोडवले, शब्दकोश मिळवला आणि वाचायला बसला. पुढे चष्म्याची-दुर्बिणीची भिंगं घासायच्या कारखान्यात चाळीस वर्षं काम केलं, लग्न केलं नाही, आणि रोज संध्याकाळी इंग्लंडातल्या त्या हवेलीच्या, कधीच न पाहिलेल्या घराच्या, सातशे वर्षांतल्या मालकांचा इतिहास लिहिला. जाड पुठ्ठ्याच्या वह्या होत्या. प्रत्येक पानावर तीन रकाने: मालक कोण, कधीपासून, कशामुळे.

त्या मालकांबद्दल ते शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसे बोलत. सकाळी पाव कापता कापता म्हणत, “तर मग, दुसऱ्या विधवेने फार चांगलं केलं. नवऱ्याने विकायला काढलेलं कुरण तिने वाचवलं.” त्या विधवेला जाऊन पाचशे वर्षं झाली होती. एका मालकाने पत्त्यांच्या डावात घर घालवलं होतं. त्याचं नाव निघालं की ते मान फिरवत. दोन भावांनी घराची वाटणी करताना जेवणाच्या दालनाच्या मधोमध भिंत घातली होती, त्यात ते धाकट्याच्या बाजूचे होते. “चुलीची बाजू थोरल्याने घेतली, फ्राउ डॉक्टोरांडिन. थंडीत धाकट्याने काय करायचं?” मी पीएचडी करत होते म्हणून मला ते कायम ‘फ्राउ डॉक्टोरांडिन’ म्हणत. माझं नाव त्यांनी करारावर लिहिलं, त्यानंतर कधी घेतलं नाही.

माझं जर्मन सुधारलं आणि त्यांचं ते सदरहू इंग्रजी मागे पडलं. सवयी मात्र तशाच राहिल्या. घरात कुठलीही वस्तू आली की पहिला प्रश्न, “ही कोणाची होती?” मी एका सीनियरकडून प्रेशर कुकर आणला. त्या सीनियरला तो नाशिकच्या एका मुलीने दिला होता, तिला सोलापूरच्या एका जोडप्याने, त्यांना आणखी कोणी. मी सहज सांगून गेले. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या भिंतीवर टाइप केलेला कागद: कुकरचे पाच मालक, क्रमाने, कारणांसह. ‘बदली’, ‘विवाह’, ‘पदवीप्राप्ती’. पहिल्या मालकापुढे प्रश्नचिन्ह होतं. त्यांनी मला फोन करायला लावून ते नाव मिळवलंच.

“नाव मिळण्यासारखं असताना रिकामी जागा ठेवणं हा आळस आहे,” ते म्हणाले.

हे त्यांना लागलेलं होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या इतिहासात एक रिकामी जागा होती. अकरा वर्षांची. एक निपुत्रिक जमीनदार मेला. अकरा वर्षांनी एका लोकरीच्या व्यापाऱ्याने घर विकत घेतलं. पण कोणाकडून घेतलं? मधल्या दस्तात नेमकी तीन भोकं होती. त्यांचा संशय एका दारुड्या पुतण्यावर होता. इंग्लंडातल्या दफ्तरखान्यांना त्यांनी पत्रं लिहिली होती, उत्तरं नम्र आणि निरुपयोगी आली होती.

“तुम्ही एकदा जाऊन का येत नाही?” मी एका रविवारी विचारलं. “आता तर पूर्व जर्मनीच्या काळासारखं कोणी अडवत नाही.”

“अकरा वर्षं हातात नसताना? कुठल्या तोंडाने जाऊ?”

त्यांची माझ्या बाबांशी गाठ घालून दिली ती माझी त्या घरातली सगळ्यात मोठी कामगिरी. बाबा कराडकडे तलाठी म्हणून निवृत्त झालेले. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल चालू असताना मालक मागून गेले, मी ओळख करून दिली, आणि ते काय लिहितात ते सांगितलं. बाबा एकदम सावरून बसले.

“सातशे वर्षांचे फेरफार? एका माणसाने? अगं, आमच्याकडे तीन पिढ्यांचे जुळवता जुळवता डोळ्यापुढे अंधारी यायची. त्यांना विचार, वारसनोंदी स्वच्छ आहेत का?”

मी भाषांतर केलं. मालकांनी खुर्ची ओढली. मग बाबांनी जुन्या खरेदीखतातली ओळ खड्या आवाजात म्हणून दाखवली: “जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह.” मी एकेक शब्द सांगत गेले. पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन. मालक उठून उभे राहिले आणि त्यांनीही तितक्याच खड्या आवाजात इंग्रजी दस्तातली ओळ म्हटली: रानं, झुडपं, वाटा, पाणी, पाटचाऱ्या, कुरणं. दोघे एकमेकांकडे बघून इतके हसले की आई आतून काय झालं म्हणून बघायला आली. त्यानंतर दर रविवारी बाबा माझी चौकशी दोन मिनिटांत उरकून म्हणायचे, “दे त्यांना.”

त्याच दिवसांत कधीतरी मी विचारलं की ती तीन झाकणं गेली कुठे.

“तीन बरण्या बॉनला गेल्या,” ते म्हणाले आणि पाव कापायला लागले.

बॉन. भाडेकरारातला पत्ता मला आठवला. “म्हणजे त्या दुसऱ्या अर्ध्या मालक?”

“बहीण. थोरली. बर्लिनची भिंत बांधायच्या आधी पश्चिमेला पळाली. आपण त्या विषयावर बोलत नाही.”

बोलत नाही म्हणाले तरी थोडं बोलले. दोन जर्मनी एक झाल्यावर गेलेल्यांना आपली घरं परत मागता येऊ लागली. बहिणीने वकिलामार्फत अर्धं घर मागितलं. “हक्क तिचा आहे. मी एका दिवसात सही केली. पण वकील? मला?” सुरी पावाच्या आरपार जाऊन फळीला लागली. सख्ख्या भावाबहिणीने त्यानंतर तीस वर्षं एकमेकांना फोन केला नव्हता.

पुढच्या वसंतात बॉनच्या विद्यापीठात आमची कार्यशाळा होती. मी त्यांना काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सरळ त्या पत्त्यावर गेले आणि बेल दाबली. दार उघडणाऱ्या बाई त्यांच्याहून उंच होत्या, काठी होती, केस कापूस. मी म्हटलं, “मी येनाच्या घरातली भाडेकरू.”

त्यांचा चेहरा गंभीर झाला. “हीटिंग बंद पडलंय का?”

मी नाही म्हटल्यावर त्या हसल्या आणि मला आत घेतलं. पोस्टात आयुष्य गेलेल्या बाई, घर लख्ख. कॉफी ओतता ओतता त्यांनी भावाबद्दल एकदम विचारलं नाही. आधी छप्पर, मग जिना, मग मागचं प्लमचं झाड. मग म्हणाल्या, “त्याने तुला वकिलाचं सांगितलं असेल.”

“हो.”

“त्याआधी मी तीन पत्रं लिहिली होती. साधी, बहिणीची. तिन्ही परत आली. लाल पेन्सिलीने दुरुस्त करून. ‘अर्धं घर’ नव्हे, ‘अविभक्त अर्धा हिस्सा’. चौथं पत्र मी वकिलाला लिहायला सांगितलं. म्हटलं, आता तरी चुका निघणार नाहीत.”

मला ते पत्र तपासणारे मालक डोळ्यासमोर दिसले आणि हसूही आलं, वाईटही वाटलं. मी बरण्यांचं विचारलं. त्या उठल्या, काचेच्या कपाटातून चिनीमातीच्या भांड्यांमागून एक बरणी काढून टेबलावर ठेवली. वर तपकिरी कातडं, सुतळीने आवळलेलं. अक्षरांची बाजू आत होती. दोरीखालच्या दुमडलेल्या काठावर तेवढी शाईची दोन-चार वळणं दिसत होती.

“आईने निघताना तीन दिल्या. ही राहिली. मग भिंत झाली, आई गेली, मला जायची परवानगी मिळाली नाही. मग ही उघडायची राहूनच गेली.”

“यात त्यांची अकरा वर्षं असतील,” मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. शेवटी बरणी उचलून परत कपाटात ठेवली.

“त्याला यायला सांग. समोर उघडीन. तुझ्याबरोबर पाठवणार नाही.”

मी येनाला परतून हे सांगितलं तेव्हा मालकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानंतर नऊ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जे काही सांगायचं ते टाइप करून माझ्या दाराखालून येई: ‘सदरहू भाडेकरूस कळविण्यात येते की पिवळा कचऱ्याचा डबा उद्या बाहेर ठेवणे.’ रविवारचा बाबांचा कॉलही त्यांनी घेतला नाही. तेव्हा मी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील, दुसऱ्याच्या घरात कशाला नाक खुपसलंस म्हणून. त्यांनी उलट विचारलं.

“तू त्यांना काय म्हणालीस? बहिणीला भेटायला चला?”

“हो.”

“तिथेच चुकलीस. माझ्या नोकरीत बोलणं बंद असलेले भाऊ कमी पाहिले का मी? भेटायला कोणी येत नाही. पाहणीला येतात. नोटीस काढ. दस्ताची पाहणी, स्थळ, वेळ, हजर राहावे. पंचनाम्याला न येणारा माणूस मी तीस वर्षांत पाहिला नाही.”

मी नोटीस टाइप केली. जमेल तितक्या सदरहू जर्मनमध्ये. ‘हवेलीच्या दस्तातील तुटक भागाची प्रत्यक्ष पाहणी’ असा विषय टाकला आणि त्यांच्या दाराखालून सरकवली. तासाभराने कागद परत आला. लाल पेन्सिलीने दोन विभक्ती दुरुस्त केल्या होत्या. खाली लिहिलं होतं: ‘हजर राहीन.’

गाडीत ते टाय लावून, मांडीवर बॅग धरून बसले. बॅगेत पांढरे सुती हातमोजे, स्वतः घासलेलं भिंग, चिमटा आणि वही. गाडी बदलताना उशीर झाला, पुढची चुकली, मी चिडले. ते मात्र खूश दिसत होते. कारण मग कळलं. उशीर झाला म्हणजे पोचायला वेळ होता. बॉन जवळ आलं तसे ते वरचेवर टायची गाठ सैल करून पुन्हा बांधू लागले.

दार उघडलं. दोघं उभे राहिले.

“म्हातारा झालास,” बहीण म्हणाली.

“तू तर आधीपासूनच मोठी होतीस.”

एवढंच. मग सगळे टेबलाशी बसलो. बरणी मध्ये. बहिणीने कात्री आणली तर ते ओरडले, “कापू नकोस!”

“दस्त नाही कापत, दोरी कापते.”

“दोरीही नको. आईची गाठ आहे.”

यावर त्या कात्री ठेवून बसल्या. मग दोघांनी मिळून ती गाठ सोडवायला घेतली. एकाची बोटं भिंगं घासून बोथट झालेली, दुसरीची संधिवाताने वाकलेली. एकमेकांना सूचना, मधूनमधून खेकसणं. “तिकडून नाही, इकडून.” “तुला गाठी कधी सुटल्यात का?” पाव तास गेला असेल. गाठ सुटली. कातडं सुटताना जुन्या दारासारखं करकरलं. आतला मुरंबा काळा, दगड झालेला. वास घ्यायला दोघंही एकदमच वाकले आणि डोकी एकमेकांवर आपटली.

मग त्यांनी हातमोजे घातले, भिंग डोळ्याला लावलं. ते ओठ हलवत वाचत होते. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग भिंग खाली ठेवलं.

“एक कबुतरखाना,” ते म्हणाले. “दोन बागा. आठ एकर कुरण, ओढ्यापर्यंत. एक गोठा.”

“आणि नाव?” मी विचारलं.

“नाव नाही. नाव दुसऱ्या चकतीवर असणार.” ते बहिणीकडे वळले. आवाज एकदम ताठ झाला होता. “बाकीच्या दोन कुठे आहेत?”

“खाल्ल्या.”

“मुरंबा खाल्लास. झाकणं?”

“टाकली.”

“टाकलीस? वाचता येत होतं तुला! अक्षरं होती त्यांच्यावर! अकरा वर्षं…”

“मी वीस वर्षांची होते,” बहीण म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. “आम्ही सहा जणी एका तळघरात राहत होतो. दिवसभर टपाल निवडायचं, आणि परत आल्यावर पाव. त्याला लावायला काही नव्हतं. मी दोन्ही बरण्या पहिल्याच हिवाळ्यात संपवल्या. झाकणाची आतली बाजूसुद्धा चाटली. शाई लागली होती जिभेला, मुली हसल्या.”

मालक हातमोजे घातलेले हात मांडीवर ठेवून बसले होते.

“तू तळघरात राहत होतीस?” त्यांनी विचारलं.

“दोन हिवाळे.”

“तू कधी लिहिलं नाहीस.”

“आईने वाचलं असतं. तिला काय लिहायचं, की माझ्याकडे खायला नाही? तुम्हाला वाटत होतं ना, पश्चिमेत सगळं मिळतं. वाटू दिलं.”

“मला वाटत होतं,” ते म्हणाले. “साठ वर्षं वाटत होतं. मी आईला म्हणायचो, ती तिकडे केक खात असेल.”

त्यांनी एक हातमोजा काढला, मग दुसरा, दोन्ही नीट घडी करून बॅगेत ठेवले. आणि मग चमचा मागितला. बहिणीने दिला. त्यांनी त्या काळ्या दगडावर चमचा दोनदा आपटून पाहिला. टवकाही उडाला नाही. बहीण हसायला लागली, मग तेही. मी कॉफी करायला आत गेले आणि मुद्दाम उशीर लावला.

त्या दिवशी आम्ही परत येऊ शकलो नाही. ते म्हणाले पाहणी अपुरी राहिली आहे. ती पुरी व्हायला चार दिवस लागले. मी दुसऱ्या दिवशी एकटीच निघाले.

येनाला परतल्यावर त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. अकरा वर्षांची ती जागा त्यांनी भरली होती. दारुड्या पुतण्याचं नाव कुठेच नव्हतं. पहिल्या रकान्यात, मालक कोण: ‘माहीत नाही.’ शेवटच्या रकान्यात, कशामुळे: ‘माझ्या बहिणीला भूक लागली होती.’

“इतिहासात असं लिहितात?” मी विचारलं.

“खरं आहे ना? मग लिहितात.”

बाबांना रविवारी हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, “नोंद बरोबर आहे. मंजूर,” आणि चष्मा पुसायला लागले.

ऑगस्टमध्ये बहीण आली. तीस वर्षं कागदावर अर्ध्या मालक असलेल्या बाई त्या घराचा जिना पहिल्यांदाच मालक म्हणून चढल्या, एकेका पायरीला नावं ठेवत. मालकांनी वह्या काढून ठेवल्याच होत्या. दुपारी अंगणात झाडाखाली बसून त्यांनी ते पान वाचलं. वाचून झाल्यावरही पान उलटलं नाही. मालक खुर्चीच्या कडेवर बसले होते, परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्यासारखे.

“चूक आहे,” त्या म्हणाल्या.

“कुठे?” त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. उभ्या आयुष्यात त्यांच्या वहीत कोणी चूक काढली नव्हती.

“‘भूक’च्या आधी ‘फार’ राहिलंय.”

सातशे वर्षांच्या त्या वह्यांमध्ये मी एकही खाडाखोड पाहिलेली नव्हती. त्यांनी पेनचं टोपण काढलं, ‘बहिणीला’ आणि ‘भूक’ यांच्यामध्ये छोटंसं हंसपद काढलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: फार.